पांढऱ्यात नीळ किती

देवनहळ्ळीच्या आमच्या फ्लॅटमधली ती खोली नऊ फूट बाय दहा फूट. खिडकी एकच, तीही उत्तरेला. बिल्डरच्या नकाशात तिला ‘चिल्ड्रन्स बेडरूम’ म्हटलं होतं. आमच्याकडे ती आईची होणार होती. वडील गेल्यानंतर दोन वर्षं आईनं निपाणीचं घर एकटीनं सांभाळलं. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याची तारीख पुढे गेली, आणि अखेर ती इकडे यायला तयार झाली. मी फोनवर विचारलं, “तुझ्या खोलीला रंग कुठला लावू?” ती म्हणाली, “चुन्यात नीळ घालून मार की.” घरात आता कुणी चुना मारत नाही, असं मी सांगितलं. “मग जे काय मारतात त्यात नीळ घाल,” म्हणाली आणि फोन ठेवला.

मी मनात पांढरा ठरवून बसले होते. लहान खोलीला फिकट रंग द्यावा, उजेड परतून येतो, भिंती मागे सरकल्यासारख्या वाटतात, हे कुणीही सांगतं आणि ते खोटं नाही. शिवाय उत्तरेच्या खिडकीतून वर्षातले बहुतेक महिने थेट ऊन येत नाही. आभाळाचा जो उजेड येतो तो मुळातच थंड, निळसर. त्यात निळी भिंत म्हणजे दुपारी चारलाच तिन्हीसांज. आणखी एक गोष्ट रंगाच्या दुकानात सहसा सांगत नाहीत: छोट्या खोलीत भिंती एकमेकींवर आपला रंग टाकतात, त्यामुळे कार्डावर फिकट दिसलेला रंग चारही भिंतींना लावला की गडद दिसतो. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, असं आपण म्हणतो. त्या म्हणीतला ‘वाण’ म्हणजे वर्ण, रंग. भिंतींच्या बाबतीत म्हण उलटी आहे, गुणाचं माहीत नाही पण वाण हमखास लागतो.

दुकानातून आणलेलं शेडकार्ड मी आठवडाभर शब्दकोशासारखं वाचलं. पोटापाण्यासाठी मी कन्नड आणि इंग्रजीतून मराठीत भाषांतरं करते, त्यामुळे ही खोड जात नाही. नुसत्या पांढऱ्याच्याच कितीतरी छटा, आणि नावं सगळी इंग्रजी: हस्तिदंत, शिंपला, ताग, बर्फ. (देवनहळ्ळीत बर्फ दिसतो तो ज्यूसच्या गाड्यांवर.) मराठीत छटांची नावं कमी आहेत असं नाही. श्रीखंडी, आमसुली, अबोली, मोतिया, शेवाळी, मोरपंखी, चिंतामणी. पण ही सगळी नावं लुगड्यांच्या दुकानातली आहेत. भिंतीसाठी माझ्या आज्जीकडे तीनच शब्द होते, चुना, नीळ आणि गेरू, आणि तिन्ही रंगांची नावं नव्हेत, पदार्थांची आहेत. भिंतीचा रंग ‘निवडायचा’ नसायचाच. दिवाळीआधी चुना मारायचा, खाली गेरूचा पट्टा ओढायचा, एवढंच. प्रश्न एकच उरायचा, तो म्हणजे नीळ किती.

देवनहळ्ळीच्या किल्ल्यात मी चुना बघायला गेले, असं म्हटलं तर लोक हसतील. तिथे लोक टिपूच्या जन्मस्थानाची छोटी दगडी खूण बघायला जातात, नाहीतर वेणुगोपालस्वामीच्या देवळात. 1501 मध्ये मल्लबैरे गौडानं इथे मातीचा कोट बांधला. 1749 च्या इथल्या वेढ्यात हैदर अली नावाचा एक साधा स्वार पहिल्यांदा नजरेत भरला. पुढे त्याच्या आणि टिपूच्या काळात कोट दगडी झाला, आणि 1791 मध्ये तो कॉर्नवॉलिसच्या फौजेनं घेतला. तटाच्या माथ्यावरचा, तोफांसाठी खाचा ठेवलेला भाग विटा-चुन्याचा आहे. तिथे बोट फिरवलं तर बोटाला जे लागतं ते पांढरं नसतं, सायीच्या रंगाचं असतं. चुनखडी भाजली की कळीचा चुना होतो, तो पाण्यात विरवला की उकळतो, फसफसतो, मऊ होतो, आणि भिंतीवर लावल्यावर हवेतला कर्बवायू ओढून घेत पुन्हा चुनखडी होतो. म्हणजे चुना मारलेली भिंत हा दगडाचाच पातळ थर. पण दगडातलं लोह आणि माती थोडीफार त्यात राहतेच, म्हणून चुना एकटा असला की किंचित पिवळा दिसतो.

भाषेला हे माहीत होतं. कन्नडमध्ये चुन्याला सुण्ण म्हणतात. आपला चुना आणि त्यांचं सुण्ण दोन्ही संस्कृत ‘चूर्ण’पासून, प्राकृतातून वेगवेगळ्या दारांनी आत आलेले. रंगाला ते बण्ण म्हणतात, ते ‘वर्ण’पासून, म्हणजे आपल्या ‘वाण’चं सख्खं भावंड. आणि आपला ‘पांढरा’ ज्या ‘पाण्डर’, ‘पाण्डुर’वरून आला त्याचा अर्थ मुळात शुभ्र असा नाहीच. तो फिका, पिवळट पांढरा. पांडुरोग्याच्या चेहऱ्याचा रंग. निखळ पांढऱ्यासाठी ‘धवल’ होता, तो आपण बैलाला दिला.

हा पिवळटपणा मारायला नीळ. पिवळ्यावर थोडा निळा चढला की डोळा फसतो आणि भिंत जास्त पांढरी वाटते. धोतराला, सदऱ्याला, गांधी टोपीला शेवटच्या पाण्यात नीळ द्यायची ती याच हिशेबानं. म्हणजे घरातली नीळ हा रंगच नव्हता, पांढऱ्याचं ते औषध होतं. मात्र औषधाची मात्रा वाढली की तो रंग होतो. कुठल्या चिमटीला पांढरं संपतं आणि निळं सुरू होतं, हे शेडकार्डासारखं कुठे छापलेलं नव्हतं. ते घर सारवणाऱ्या बाईच्या हातात होतं.

आज्जीची पद्धत मला पाठ आहे. पत्र्याच्या डब्यात कळीचा चुना रात्रभर विरवायचा, सकाळी जुन्या लुगड्याच्या फडक्यातून गाळायचा, भिंतीला अंग टेकलं तर पाठ पांढरी होऊ नये म्हणून त्यात डिंक घालायचा. नीळ वेगळ्या वाटीत कालवून, तीही फडक्यातून गाळून ओतायची, नाहीतर भिंतीवर निळे फराटे उठतात. खरी अडचण त्यानंतर. ओला चुना पारदर्शक दिसतो. मारताना भिंत राखाडी, मळकट वाटते आणि वाळताना उजळत जाते. त्यामुळे बादलीत बघून नीळ ठरवणारा फसतो. आज्जी अंगठ्याच्या नखावर थेंब घ्यायची आणि उन्हात हात धरून उभी राहायची. नख वाळलं की बोलायची, “अजून,” किंवा “बास.”

तिला ठाऊक नसलेली एक गोष्ट मला फार उशिरा कळली. ती ज्याला नीळ म्हणत होती ती नीळ नव्हतीच. नीळ म्हणजे नीळीच्या झुडपाचा पाला कुजवून, घुसळून काढलेला रंग. ज्याच्यासाठी बंगालच्या रयतेला 1859-60 मध्ये बंड करावं लागलं आणि चंपारणच्या रयतेनं 1917 मध्ये गांधीजींना बोलावून नेलं. दीनबंधू मित्रांच्या ‘नीलदर्पण’ या नाटकाचं इंग्रजी भाषांतर छापल्याबद्दल 1861 मध्ये रेव्हरंड जेम्स लाँग यांना एक महिना कैद आणि हजार रुपये दंड झाला होता. भाषांतर मायकेल मधुसूदन दत्तांनी केलं असं मानतात, पण छापील पुस्तकावर त्यांचं नाव नव्हतं. माझ्या धंद्यातल्या माणसाला ही गोष्ट विसरता येत नाही. पुढे जर्मनीतल्या बीएएसएफ कंपनीनं 1897 मध्ये कारखान्यात बनवलेली नीळ बाजारात आणली आणि मळे बसले.

वाण्याकडे पुडीत मिळणारी नीळ या दोन्हींपैकी नव्हे. ती अल्ट्रामरीन. खरं अल्ट्रामरीन अफगाणिस्तानातल्या खाणीतला लाजवर्द कुटून करायचे, सोन्याच्या भावानं. स्वस्तात ते बनवून दाखवणाऱ्याला फ्रान्समध्ये 1824 मध्ये सहा हजार फ्रँकचं बक्षीस जाहीर झालं आणि गिमे नावाच्या रसायनतज्ज्ञानं ते मिळवलं. माती, सोडा, गंधक आणि कोळसा एकत्र भाजून हा निळा रंग होतो, तो स्वस्त असतो, आणि मुख्य म्हणजे त्याला चुना बाधत नाही. प्रशियन ब्लू चुन्यात घातला तर मरतो. हा राहतो. धुण्याची नीळ म्हणून तो आपल्या घरोघर आला, आणि आपण पदार्थ बदलला तरी जुनाच शब्द त्याच्यावर चढवला. इतकं बेमालूम भाषांतर मला आजवर एकदाही जमलेलं नाही.

पांढऱ्याचा इतिहास मी याच ओघात वाचला आणि तिथे अडकले. मी ज्याला ‘कुठलाच रंग नसलेला रंग’ समजत होते तो एकेकाळी सरकारी हुकूम होता. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला, फेब्रुवारी 1897 मध्ये साथरोगाचा कायदा झाला, 1898 मध्ये साथ बंगळुरात पोचली. पथकं घरात शिरत, सामान बाहेर फेकत, कौलं काढून ऊन आत घेत, आणि भिंती चुन्यानं धुऊन काढत. मुंबईत राहण्यास नालायक ठरवलेल्या घरांवर इंग्रजी अक्षरं रंगवली जात. पुण्यात या सगळ्याचा शेवट रँडच्या खुनात झाला ते आपण शाळेत शिकतो. भिंतींचं काय झालं ते शिकत नाही. पांढरं म्हणजे निर्मळ, तपासलेलं, मंजूर, हा अर्थ गरिबाच्या भिंतीला त्या वेळी घट्ट चिकटला असावा असं मला वाटतं.

चुन्यानं झाकण्याचं एक उदाहरण इथून बंगळूर ओलांडून तीन-चार तासांवर आहे. श्रीरंगपट्टणच्या दर्या दौलत बागेत टिपूनं 1784 मध्ये महाल बांधला आणि पश्चिमेच्या भिंतीवर 1780 ची पोळ्ळिलूरची लढाई रंगवून घेतली, इंग्रजांचा सपशेल पराभव. वेढ्याच्या आधी हे चित्र बरंचसं पुसलं गेलं. टिपू पडल्यावर त्या महालात राहायला आलेल्या कर्नल वेलस्लीनं, पुढच्या वेलिंग्टननं, ते पुन्हा काढून घेतलं. नंतर त्यावर सफेदी फिरली. 1850 च्या दशकात लॉर्ड डलहौसीनं ते तिसऱ्यांदा रंगवून घेतलं, मूळ चित्र आठवत असलेल्या एका स्थानिक चित्रकाराकडून. आज आपण बघतो ते त्याच्या आठवणीतलं. त्याचं नाव फलकावर नाही.

आता आईच्या निळ्याकडे येते.

मराठीत गावाला ‘पांढरी’ म्हणतात. पिकाची जमीन ती काळी, वस्तीची ती पांढरी. शेकडो वर्षांच्या राखेनं, शेणामातीनं, पडक्या भिंतींनी फिकी पडलेली गावठाणाची माती. तीच माती धाब्याला आणि भिंतींना वापरायचे. आमची वस्ती पांढरीत नव्हती. ती कुठे असायची ते मराठी वाचकाला सांगायला नको. 1956 नंतर आम्ही बौद्ध झालो, वस्तीचं नाव बदललं, जागा तीच राहिली. आमच्याकडे निळा हा रंग झाला त्याला त्याआधीची एक तारीख आहे: 1942, नागपूर, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन आणि तिचा निळा झेंडा. (त्याच साली मुंबईत चार मित्रांनी एशियन पेंट्स सुरू केली. दोन्हींचा एकमेकींशी संबंध नाही, पण माझ्या टिपणवहीत त्या शेजारी-शेजारी आल्या. कंपनीचा गट्टू 1954 मध्ये आर. के. लक्ष्मण यांनी काढला, आणि हातात डबा नि कुंचला घेतलेलं ते मैसूरच्या माणसाचं पोरगं आमच्या निपाणीच्या हार्डवेअरच्या दुकानावर मी लहानपणी रोज बघायचे.)

निपाणीच्या घराला दोन खोल्या होत्या. बाहेरचा सोपा पांढरा, आतली खोली निळी. मला लहानपणी वाटायचं की हा बादलीचा गुण. नीळ जड असते, तळाला बसते. आधी सोपा व्हायचा, मग खालचा गाळ ढवळून आतली खोली. मी हे आईला फोनवर सांगितलं, जरा शहाणपणा मिरवतच. ती म्हणाली, “गाळ कसला? आत्तीबाई मुद्दाम करायच्या. बाहेर चिमूट, आत मूठ. वाटेवरच्या भिंतीत नीळ जास्त पडली की जात दिसते म्हणायच्या.” मग थोडं थांबून म्हणाली, “सोप्यात वाणी यायचा, मास्तर यायचे, तुझ्या बाबांचे साहेब यायचे. आत आपणच.”

मी यावर काही बोलले नाही. बंगळुरात मी चौदा वर्षं भाड्याच्या घरांत काढली. करारात कलम असायचं, घर सोडताना भिंती ऑफ-व्हाइट करून द्यायच्या. एका घरमालकांनी किल्ली देण्याआधी आडनाव दोनदा विचारलं, मग काय खाता ते विचारलं, आणि मग भिंतींना खिळे मारायचे नाहीत असं सांगितलं. मी चौदा वर्षं एकही खिळा मारला नाही. बाबासाहेबांचा फोटो पुस्तकांच्या कपाटात, आतल्या बाजूला ठेवला. पांढरी भिंत ही माझी आवड आहे असं मला इतके दिवस वाटत होतं.

इकडे मराठी माणूस राहायला आला की हटकून शहाजीराजे काढतो. 1638 पासून बंगळूर त्यांच्या अमलाखाली होतं, म्हणजे आम्ही इथे काही उपरे नाही, वगैरे. आईनं देवनहळ्ळीला उतरल्यावर असलं काही काढलं नाही. खिडकीच्या कट्ट्यावर बोट फिरवून तिनं लाल धूळ बघितली आणि म्हणाली, “गेरूचा खर्च वाचला.”

रंगाचं काम करणारे मेस्त्री इथून जवळच्या विजयपुराचे. कन्नड उत्तम, घरची बोली दक्खिनी. दक्खिनीतलं ‘नक्को’ हे आपल्याच ‘नको’चं रूप आहे, हे आईनं पाच मिनिटांत ओळखलं, आणि त्यानंतर त्या दोघांना माझ्या दुभाषेपणाची गरज उरली नाही. मी दुकानातून मशीनवर मिसळून आणलेले नमुन्याचे दोन डबे होते. मशीन पांढऱ्या बेसमध्ये थेंब मोजून सोडतं, कितीही वेळा मागा, तोच रंग मिळतो. मेस्त्रींनी खिडकीसमोरच्या भिंतीवर आणि खिडकीच्या बाजूच्या भिंतीवर दोन-दोन फुटांचे चौकोन मारले, दोन-दोन हात. एकच रंग दोन भिंतींवर दोन तऱ्हेचा दिसत होता, खिडकीच्या बाजूचा राखाडी, समोरचा आभाळी.

आईनं डावा डोळा झाकला, मग उजवा झाकला. पुन्हा डावा. “ह्यानं बघितलं तर निळं आहे. त्यानं बघितलं तर पांढरंच आहे.”

हे मात्र पुस्तकातलं निघालं. वयानुसार डोळ्याचं भिंग पिवळं पडत जातं आणि निळा उजेड अडवतं. मोतीबिंदू काढला की तो एकदम आत येतो. चित्रकार मोने यांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन 1923 मध्ये झालं, आणि सगळं निळं दिसतं म्हणून ते वैतागले होते. आईचा एक डोळा नवा आणि एक जुना. म्हणजे जुन्या डोळ्याला सगळी भिंत पाण्डुर, चुन्यासारखी दिसत होती. मी तिला म्हटलं, दुसरं ऑपरेशन होईपर्यंत थांबू या. मेस्त्रींनाही ते पटलं. तोवर बाकीच्या खोल्या होतील म्हणाले.

“थांबायचं कशाला? जुना डोळा जायचाच आहे,” म्हणून तिनं त्याच्यावर तळवा धरला आणि मेस्त्रींना विचारलं, मशीनशिवाय हातानं करता येतं का. त्यांनी पिशवीतून स्टेनरची निळी बाटली काढली. दुकानातली मशीनं यायच्या आधी सगळे असंच करायचे, स्टेनर थेंबाथेंबानं बादलीत टाकून लाकडी पट्टीनं ढवळायचे. चूक झाली तर परत जाता येत नाही, आणि पुढच्या वर्षी तोच रंग जुळत नाही, म्हणून आता गिऱ्हाईक मागत नाही.

पांढऱ्या इमल्शनच्या बादलीत निळी रेघ पडली, पट्टीनं फिरली, नाहीशी झाली. आई म्हणाली, “अजून.” आणखी एक. “अजून.” मी उत्तरेच्या उजेडाबद्दल बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. पाचव्या-सहाव्या वेळी मेस्त्रींनी हात आखडता घेतला. “नक्को अम्मा, इत्ता बस.”

तिनं बादलीत करंगळी बुडवली, थेंब अंगठ्याच्या नखावर घेतला आणि एका हातानं डोळा झाकून, दुसरा पुढे धरून, बाल्कनीतल्या उन्हाकडे गेली.